बांधकामाची यारी आणि हिवाळा : बर्फाच्या भाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वास्तूंच्या इतिहासावर विपुल लेखन झाले आहे. त्या वास्तू ज्या यंत्रांनी उभ्या राहिल्या, त्यांच्यावर त्या मानाने फार थोडे. यारी, म्हणजे आजच्या बोलीतील क्रेन, ही इमारत पूर्ण होताच उतरवली जाते आणि तिच्याबरोबर तिच्यावर झालेल्या श्रमांची आठवणही नाहीशी होते. थंड प्रदेशातील हिवाळ्यात या क्रेनवर साचणारा हिम व बर्फ हा विषय तर वरवर पाहता निव्वळ देखभालीचा वाटतो. परंतु हा बर्फ कोणी मोजायचा, कोणी उतरवायचा आणि तो न उतरवल्यास दोष कोणाचा, या तीन प्रश्नांकडे पाहिले की हा विषय श्रमाच्या आणि कायद्याच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

युरोप, उत्तर अमेरिका आणि सोव्हिएत संघ येथील काही निवडक उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. हिवाळ्यात बांधकाम थांबवण्याची जुनी रीत विसाव्या शतकात मोडली गेली, ती प्रामुख्याने आर्थिक कारणांसाठी. त्या निर्णयाबरोबर क्रेन बर्फात उभी राहिली. मात्र बर्फाचा भार तिच्या आराखड्याच्या गणितात सहजासहजी शिरला नाही. तो कामाच्या जागेवरील माणसांकडे सोपवला गेला आणि बऱ्याच अंशी आजही त्यांच्याकडेच आहे.

छपराखालील यारी

जर्मनीतील कोलोन येथील कॅथेड्रलची पायाभरणी १२४८ मध्ये झाली. त्याच्या दक्षिण मनोऱ्याचे काम अर्धवट राहिले आणि १५६० च्या सुमारास एकूण बांधकामच थांबले. मनोऱ्याच्या त्या बुंध्यावर पायचाकाने चालणारी मोठी लाकडी यारी मात्र तशीच उभी राहिली. चित्रकार हान्स मेमलिंग याने १४८९ मध्ये पूर्ण केलेल्या संत उर्सुलेच्या अवशेष-पेटीवरील चित्रांत कोलोनच्या देखाव्यात ती दिसते. पुढे छायाचित्रणाचा शोध लागल्यावर काढलेल्या छायाचित्रांतही ती आहे. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, १८६८ मध्ये ही यारी उतरवण्यात आली आणि १८८० मध्ये कॅथेड्रल पूर्ण झाले. चार शतकांहून अधिक काळ ती शहराची खूण बनून राहिली होती.

एवढे हिवाळे लाकडी यंत्राने कसे काढले, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. ही यारी म्हणजे एक लहानसे घरच होते. पायचाक, दोर गुंडाळण्याचा रहाट आणि चाकात चालणारी माणसे हे सर्व फळ्यांच्या भिंती आणि उतरते छप्पर यांच्या आत होते. उघड्यावर होता तो फक्त तिरका बाहू, आणि तोच भाग सर्वांत आधी कुजला. १८१९ मध्ये तो नव्याने बसवावा लागला. बंदरांवरील जुन्या याऱ्यांचीही रचना अशीच होती. पोलंडमधील ग्दान्स्क येथे पंधराव्या शतकाच्या मध्याला बांधलेली यारी तर दोन विटांच्या बुरुजांमध्ये बसवलेली आहे.

तरीही येथे एक गोष्ट विसरता कामा नये. छप्पर असले तरी मध्ययुगीन यारी भर हिवाळ्यात फारशी चालत नसे, कारण बांधकामच चालत नसे. चुन्याचा गिलावा गोठला की त्याची पकड जाते. म्हणून उत्तर युरोपातील गवंडी शरद ऋतूच्या अखेरीस भिंतींची उघडी टोके गवत, पेंढा आणि शेणखत यांनी झाकून ठेवत व वसंत ऋतूपर्यंत दगड घडवण्याची कामे आडोशाला बसून करत. पावसाळ्याचे चार महिने बांधकाम आवरते घेण्याच्या आपल्याकडील जुन्या रीतीशी याचे साम्य सहज लक्षात येईल. ऋतू हाच कंत्राटाचा एक न लिहिलेला भाग होता.

एकोणिसाव्या शतकात लोखंड आले आणि यंत्राच्या अंगावरचे घर गेले. विल्यम आर्मस्ट्राँग याने १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली, तेव्हा थंडीचा प्रश्न प्रथमच यंत्राच्या पोटात शिरला. नळातील पाणी गोठले की क्रेन अडते, एवढेच नव्हे तर नळ फुटतात. थंडीच्या दिवसांत काम संपल्यावर पाणी काढून टाकणे, सिलिंडरजवळ गॅसच्या ज्योती पेटत्या ठेवणे, पाण्यात ग्लिसरीन मिसळणे असे उपाय तेव्हापासून रूढ झाले. हे सर्व बंदरावरचे. तेथे माणसे, जळण आणि इमारती हाताशी होत्या. बांधकामाच्या जागी यांपैकी काहीच हमखास नसे.

हिवाळ्याच्या सुटीचा अंत

बांधकामाची हंगामी सवय मोडावी हा विचार पहिल्या महायुद्धानंतरच्या बेकारीतून पुढे आला. अमेरिकेत १९२१ मध्ये भरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या बेकारीविषयक परिषदेतून एक समिती निघाली. तिचा बांधकाम उद्योगातील हंगामी कामकाजाविषयीचा अहवाल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांची त्याला प्रस्तावना होती. हिवाळ्यातील बेकारीचे मुख्य कारण हवामान नसून जुनी प्रथा आहे, असा त्या अहवालाचा सूर होता. नवी साधने आली तरी बांधकाम करणारे जुन्याच पंचांगाने चालतात, हा आरोप त्यामागे होता. आरोप पूर्णतः चुकीचा नव्हता. पण त्यात एक गृहीत दडलेले होते. साधने हिवाळ्यात चालू शकतात असे मानले गेले. ती हिवाळ्यात चालवण्यासाठी जी जादा मेहनत लागते, ती कोणाच्या खाती मांडायची याचा विचार मागे पडला.

कॅनडात हाच विचार सरकारी योजनांच्या रूपाने आला. १९५८ मध्ये तेथे नगरपालिकांच्या हिवाळी कामांना प्रोत्साहन देणारी योजना सुरू झाली आणि अशा कामांवरील थेट मजुरीचा निम्मा वाटा केंद्र सरकारने उचलला. १९६३ पासून हिवाळ्यात बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घरामागे ५०० डॉलरचे अनुदान देण्यात येऊ लागले. जर्मनीने वेगळी वाट धरली. पश्चिम जर्मनीत १९५९ मध्ये बांधकाम मजुरांसाठी खराब हवामानाचा भत्ता लागू झाला. ज्या दिवशी पाऊस, हिम वा कडाक्याच्या थंडीने काम अशक्य होईल, त्या दिवसाची भरपाई मजुराला मिळू लागली. १९९५ च्या अखेरीस हा भत्ता रद्द झाला, त्याजागी दुसरी व्यवस्था आली आणि २००६ मध्ये हंगामी अल्पकाम भत्त्याची पद्धत सुरू झाली. हे तपशील क्रेनपासून दूर गेल्यासारखे वाटतील, परंतु तसे नाही. आजचे काम थांबवावे की नाही हा निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याला थांबण्याची किंमत किती मोजावी लागते, यावरच बर्फाळलेली क्रेन त्या सकाळी चालू होणार की नाही हे ठरते. मजुराचा दिवस बुडणार असेल तर बर्फ जरा कमीच दिसतो.

क्रेनच्या रचनेतही याच काळात मोठे बदल झाले. हाइलब्रॉन येथील युलियस वोल्फ यांच्या कारखान्याने १९१३ मध्ये लाइपझिगच्या प्रदर्शनात मनोऱ्यावर फिरणारी बांधकामाची क्रेन मांडली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त शहरे पुन्हा उभारताना हान्स लीबहर यांनी १९४९ मध्ये सहज हलवता व उभारता येणारी मनोरा-क्रेन तयार केली. ही क्रेन लहान होती आणि गरज पडल्यास मोडून नेता येत असे. अशा यंत्राला हिवाळ्याचे फारसे भय नाही. वादळ येणार असे दिसले की ती उतरवता येते. प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो इमारतीबरोबर वर चढणाऱ्या क्रेनमुळे. या क्रेनला खाली येण्याचा मार्गच नसतो. इमारत जितकी उंच, तितकी ती उंच. आणि काम संपेपर्यंत ती ढगांत उभी.

मॉस्कोमध्ये १९४७ नंतर सुरू झालेल्या गगनचुंबी इमारतींसाठी सोव्हिएत अभियंत्यांनी स्वतःहून वर सरकणाऱ्या ‘यूबीके’ मालिकेच्या क्रेन तयार केल्या. १९४९ ते १९५३ या काळात उभारलेल्या मॉस्को विद्यापीठाच्या इमारतीवर त्या वापरल्या गेल्या. मॉस्कोच्या हवामानात एवढे मोठे काम केवळ उन्हाळ्यात करणे शक्यच नव्हते. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या जुळ्या मनोऱ्यांसाठी १९६८ पासून वापरलेल्या आठ क्रेन ऑस्ट्रेलियातून आल्या होत्या. एरिक फॅव्हेल यांच्या या क्रेन उड्या मारत वर चढल्यासारख्या दिसत म्हणून त्यांना ‘कांगारू’ क्रेन म्हणत. हिम क्वचितच पाहणाऱ्या देशात जन्मलेल्या या यंत्रांनी न्यूयॉर्कचे हिवाळे चारशे मीटरपर्यंतच्या उंचीवर काढले.

सोव्हिएत संघाच्या उत्तरेकडील भागात प्रश्न आणखी तीव्र होता. तेथे बर्फाच्या वजनाइतकेच पोलादाचे ठिसूळ होणे धोक्याचे. साधे पोलाद ठराविक तापमानाखाली वाकण्याऐवजी तडकते. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे धक्क्याला बांधलेले ‘स्केनेक्टडी’ हे जहाज शांत पाण्यात दुभंगले, तेव्हापासून या गुणधर्माकडे जगाचे लक्ष गेले होते. सोव्हिएत प्रमाणकांनी १९६९ मध्ये यंत्रांचे हवामानानुसार वर्ग पाडले. समशीतोष्ण वर्गासाठी किमान कार्यकारी तापमान उणे ४५ अंश सेल्सिअस आणि शीत वर्गासाठी उणे ६० अंश धरण्यात आले. याकुत्स्क येथे १९७० मध्ये उत्तरेकडील भौतिक-तांत्रिक समस्यांची संस्था स्थापन झाली. म्हणजे थंडी हा घटक कारखान्याच्या दारात पोहोचला. बर्फाचे तसे झाले नाही.

बर्फाचे वजन आणि वाऱ्याची पकड

हिम आणि बर्फ यांत क्रेनच्या दृष्टीने मोठा फरक आहे. कोरडा भुरभुरीत हिम जाळीदार बाहूतून बराचसा खाली गळतो किंवा वाऱ्याने उडतो. पावसाचे अतिशीत थेंब, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाणी, पोलादाला टेकताच गोठतात आणि काचेसारखा पारदर्शक, चिवट थर तयार होतो. उंचीवर ढगच क्रेनला वेढत असेल तर वाऱ्याच्या दिशेने पांढरा, खरबरीत तुषारबर्फ वाढत जातो. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २००१ च्या १२४९४ क्रमांकाच्या मानकात काचबर्फाची घनता घनमीटरला ९०० किलो, कठीण तुषारबर्फाची ६०० ते ९०० आणि ओल्या हिमाची ३०० ते ६०० किलो धरली आहे.

हे आकडे एका उदाहरणाने स्पष्ट होतील. ६० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीवर सर्व बाजूंनी १० मिलिमीटर जाडीचा काचबर्फ बसला, तर दर मीटरला सुमारे दोन किलो वजन वाढते. बाहूच्या प्रत्येक मीटर लांबीत मुख्य व तिरक्या मिळून आठ मीटर नळ्या आहेत असे धरले, तर ६० मीटरच्या बाहूवर जवळजवळ एक टन बर्फ जमतो. मनोऱ्याभोवतीचा त्याचा आघूर्ण सुमारे २९ टन-मीटर होतो. अशा बाहूच्या टोकाला दीड टन उचलण्याची क्षमता असेल, तर तिचा आघूर्ण ९० टन-मीटर. म्हणजे आकड्याला काहीही न लावता क्रेनने आपल्या क्षमतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खर्ची घातला. मागच्या बाजूचा प्रतिभाराचा बाहू आखूड असतो. पंधरा मीटर धरला तर तेथील बर्फाने मिळणारा तोल दोन टन-मीटरही भरत नाही. जाडी अवघी एका बोटाएवढी, परंतु लांब बाहू तिचा गुणाकार करतो.

तारदोरांची स्थिती तर अधिक बोलकी आहे. १२ मिलिमीटरच्या तारदोरावर १० मिलिमीटर बर्फ चढला की त्या बर्फाचे वजन खुद्द दोराच्या वजनाइतके भरते आणि वाऱ्याला दिसणारी त्याची रुंदी अडीच पटींहून अधिक होते. वजनापेक्षा वाऱ्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. काम बंद असताना मनोरा-क्रेनच्या फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडतात, म्हणजे बाहू वातकुक्कुटासारखा वाऱ्याच्या दिशेने वळतो आणि वाऱ्याला कमीत कमी अंग दाखवतो. मुंबईतील उंच इमारतींवरील क्रेनही वादळी वाऱ्याच्या आधी अशाच मोकळ्या सोडाव्या लागतात. बंद क्रेनचे सारे वादळी गणित ती वळेल या गृहीतावर उभे असते. फिरत्या कड्यात, दात्यांत वा ब्रेकमध्ये पाणी शिरून गोठले तर ते गृहीतच कोलमडते. वरून नळ्यांची रुंदी वाढलेली, आणि वळण्याची सोय बंद. हिवाळी वादळात हे दोन्ही एकदम घडते, कारण अतिशीत पाऊस आणि जोरदार वारा ही बहुधा एकाच हवामान-प्रणालीची अपत्ये असतात.

कॅनडातील क्वेबेक व ओंटारिओ भागांत ५ ते १० जानेवारी १९९८ या काळात झालेल्या बर्फवृष्टीने पोलादी जाळीच्या रचनेवर बर्फ काय करू शकतो हे दाखवून दिले. काही ठिकाणी शंभर मिलिमीटरच्या आसपास अतिशीत पाऊस झाला. विजेच्या तारा वाहणारे शेकडो पोलादी मनोरे कोसळले आणि लक्षावधी कुटुंबे कित्येक दिवस अंधारात राहिली.

मनोरा, जहाज आणि क्रेन

बर्फाची जबाबदारी कोणाची, हे पाहण्यासाठी क्रेनची तुलना दोन शेजारी क्षेत्रांशी करणे उद्बोधक ठरते.

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात एम्ली मूर येथे १९६६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी ३८५ मीटर उंचीचा पोलादी नळीचा मनोरा ताणतारांच्या आधाराने उभारण्यात आला. हिवाळ्यात तारांवरून बर्फाचे मोठे तुकडे खालच्या रस्त्यावर व घरांवर पडत, त्यामुळे रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि सावधगिरीचे फलकही लागले. १९ मार्च १९६९ रोजी हा मनोरा कोसळला. वाऱ्याच्या भोवऱ्यांमुळे होणारी कंपने आणि तारांवर असमान साचलेला बर्फ यांचा एकत्रित परिणाम हे कारण ठरले. खटला १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि असमान बर्फभाराचा विचार न करणे हा आराखडा करणाऱ्याचा निष्काळजीपणा होय, असा निर्णय झाला. अशा उंचीचे बांधकाम नवे आहे, हा बचाव टिकला नाही. नवे काम हाती घेणाऱ्याने अधिक विचार केला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ.

दुसरे क्षेत्र जहाजांचे. उत्तर अटलांटिकमध्ये मासेमारी करणाऱ्या हल बंदरातील ‘लोरेला’ व ‘रॉड्रिगो’ या नौका २६ जानेवारी १९५५ रोजी आइसलंडच्या उत्तरेस बर्फाच्या वजनाने कलंडून बुडाल्या. जानेवारी–फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याच बंदराच्या आणखी तीन नौका गेल्या. त्यांतील ‘रॉस क्लीव्हलंड’ ही बर्फाने लदलेली होती. या नौकांवरचे खलाशी कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन दिवसरात्र बर्फ फोडत असत. हलमधील खलाशांच्या बायकांनी १९६८ मध्ये उभे केलेले आंदोलन ब्रिटिश कामगार इतिहासात नोंदले गेले आहे. पुढे जहाजांच्या स्थैर्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बर्फाचा हिशेब आला. उघड्या डेकवर दर चौरस मीटरला ३० किलो आणि पाण्यावरील बाजूच्या दर्शनी क्षेत्रावर ७.५ किलो बर्फ धरून जहाजाचे स्थैर्य तपासावे, असे नियम सांगतो. खलाशी बर्फ फोडतील या भरवशावर आता जहाज सोडता येत नाही.

क्रेनच्या बाबतीत चित्र निराळे दिसते. एफ.ई.एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या, हाताळणी-यंत्रांच्या युरोपीय उत्पादक महासंघाची आराखड्याची नियमावली पुष्कळ वर्षे या क्षेत्रात प्रमाण मानली गेली. तिच्या १९८७ च्या तिसऱ्या आवृत्तीत बाहूच्या क्रेनसाठी हिमाचा भार गणितात धरू नये, असेच म्हटले आहे. याला तांत्रिक आधार होता. जाळीवर हिम टिकत नाही, हिमवर्षावात क्रेन चालत नाही आणि कामापूर्वी ती साफ केली जाते, असे मानणे गैर नव्हते. आंतरराष्ट्रीय मानक ८६८६ च्या १९८९ च्या पहिल्या भागाने थोडी दुरुस्ती केली. प्रसंगोपात्त भारांमध्ये हिम व बर्फ घेतले गेले आणि बर्फाच्या थराने वाढलेल्या दर्शनी क्षेत्राचा विचार करण्यास सांगितले गेले. परंतु ‘लागू असेल तेथे’ हे शब्द त्यात आहेत. लागू आहे की नाही हे कोण ठरवणार? क्रेन विकली जाते एका देशात, भाड्याने जाते दुसऱ्या देशात आणि उभी राहते तिसऱ्याच हवामानात. जहाजाच्या नियमाने सागरी प्रदेशांची नावे घेऊन ही संदिग्धता दूर केली. फिरत्या क्रेनला असा नकाशा मिळाला नाही.

परिणामी जबाबदारी वापराच्या नियमांकडे सरकली. युरोपीय समुदायाच्या १९९५ च्या निर्देशाने हवामान सुरक्षिततेला बाधक होईल इतके बिघडल्यास उघड्यावरील उचलकाम थांबवण्याचे बंधन घातले. अमेरिकेत बांधकामातील क्रेनविषयीचे नवे नियम २०१० मध्ये अमलात आले. वारा, बर्फ आणि हिम यांचा क्रेनच्या स्थैर्यावर व क्षमतेवर होणारा परिणाम लक्षात घेऊन ‘सक्षम व्यक्ती’ने यंत्रात वा कामात योग्य तो बदल करावा, असे ते सांगतात. वाक्य सुस्पष्ट आहे. किती मिलिमीटर बर्फाला क्षमता किती कमी करायची, याचा आकडा मात्र त्यात नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेतही तो असेलच असे नाही. एम्ली मूरच्या निर्णयात जो विचार आराखडा करणाऱ्याकडून अपेक्षित होता, तोच येथे सकाळी सात वाजता कामाच्या जागेवरील पर्यवेक्षकाकडून अपेक्षिला जातो.

या विभागणीची एक अडचण अपघातानंतर दिसते. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमध्ये हिम पडत असताना ५६५ फूट बाहू असलेली पट्ट्यांवर चालणारी क्रेन खाली उतरवली जात होती. ती रस्त्यावर आडवी कोसळली आणि एक पादचारी मृत्युमुखी पडला. चौकशीचा रोख बाहू कसा उतरवला गेला याकडे होता आणि शहराने लगेच अशा क्रेनसाठी वाऱ्याची मर्यादा खाली आणली. तो अपघात बर्फाने झाला असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे येथे सुचवायचेही नाही. मुद्दा वेगळा आहे. वाऱ्याचा वेग मोजता येतो, त्याची नोंद राहते आणि म्हणून त्याची मर्यादा घालता येते. बाहूवरचा बर्फ अपघातानंतर तासाभरात वितळून जातो. ज्याची नोंद राहत नाही, त्याचा नियमही कच्चा राहतो.

बर्फ उतरवण्याचे मार्ग

बर्फ उतरवण्याची साधने गेल्या शंभर वर्षांत फारशी बदललेली नाहीत, हे थोडे आश्चर्याचे आहे. लाकडी वा रबरी हातोडी हे आजही मुख्य हत्यार. पोलादी हातोडीने पातळ नळीला पोचा पडतो आणि पोचा पडलेली नळी दाब सहन करताना वाकते, म्हणून ती वर्ज्य. वाफेने बर्फ झटपट सुटतो. परंतु वितळलेले पाणी खाली ओघळून कप्प्यांच्या बेअरिंगमध्ये शिरते व तेथे पुन्हा गोठते. मिठाने तारदोर व विजेची जोडणी गंजते. विमानांवर फवारतात तसली ग्लायकोलची द्रावणे दोराच्या आतील वंगण धुऊन नेतात आणि शिडीच्या पायऱ्या निसरड्या करतात. उघड्या ज्योतीचा वापर तर पोलाद आणि वंगण दोहोंसाठी घातक. गरम हवेचा झोत त्यातल्या त्यात सुरक्षित, पण साठ मीटर लांबीच्या बाहूच्या टोकापर्यंत तो नेणार कसा?

म्हणून अनुभवी चालकांनी टाळण्यावर भर दिला. विद्युत नियंत्रण-पेट्यांत व चालकाच्या खोलीत लहान हीटर सतत चालू ठेवणे, थंडीत न घट्ट होणारे तेल व वंगण भरणे, कप्प्यांवर झाकणे बसवणे हे उपाय त्यातले. दिवसाच्या सुरुवातीला आकडा रिकामा ठेवून क्रेन सर्व हालचालींतून फिरवून घेणे, ब्रेक दोनतीनदा लावून त्यावरचे दहिवर घालवणे, मर्यादा-कळा गोठल्या नाहीत ना हे पाहणे हा हिवाळ्यातील नित्यक्रम झाला. जमिनीला गोठून चिकटलेला भार क्रेनने ओढून सोडवू नये, हा नियम तर अनेक अपघातांतून आला आहे. भार अचानक सुटतो, दोराला हिसका बसतो आणि आकड्यावरचे वजन मोजणाऱ्या यंत्राला तो धक्का कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

खाली पडणाऱ्या बर्फाचा प्रश्न शहरांत अधिक गंभीर बनला. टोरंटोच्या सी. एन. टॉवरवर मार्च २००७ मध्ये काही सेंटिमीटर जाडीचा बर्फ जमला आणि तो पडू लागल्याने जवळचा गार्डिनर द्रुतगती मार्ग बंद ठेवावा लागला. व्हँकूव्हरजवळच्या पोर्ट मान पुलाच्या तारांवरून डिसेंबर २०१२ मध्ये बर्फाचे गोळे पडून अनेक वाहनांच्या काचा फुटल्या. त्यानंतर तारांवरून घसरत बर्फ खरवडणारी साखळ्यांची कडी तेथे बसवण्यात आली. टॉवर आणि पूल कायमचे असतात, त्यामुळे त्यांच्यावर असा खर्च होतो. क्रेन दोन वर्षांची पाहुणी. तिच्यासाठी बहुधा खालचा रस्ता दोरी बांधून बंद केला जातो, एवढेच.

एक अपवाद जपानचा. तेथील मोठ्या बांधकाम कंपन्यांनी १९९० च्या दशकात इमारतीच्या माथ्यावर चढते छप्पर बसवून त्याच्या पोटात क्रेन चालवण्याची पद्धत आणली. शिमिझू कंपनीने नागोया येथील बँकेच्या इमारतीवर आणि ओबायाशी कंपनीने टोकियोत ती वापरली. पाऊस, हिम आणि वारा यांपासून काम वेगळे करणे हा त्यामागील एक हेतू होता. तंत्र यशस्वी झाले, पण खर्चामुळे फारसे पसरले नाही. कोलोनच्या यारीला जे छप्पर सहज लाभले होते, ते पोलादाच्या युगात परवडेनासे झाले.

उर्वरित जगात उघडी क्रेनच चालते आणि तिची हिवाळी तपासणी एका शिडीपासून सुरू होते. आकड्यावरचा भार मोजणाऱ्या यंत्राला बाहूवरचा बर्फ दिसत नाही आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला पारदर्शक थराची जाडी कळत नाही. बर्फ आहे की नाही हे वर गेल्यावरच समजते. शिडीच्या पायऱ्या त्याच बर्फाने माखलेल्या असतात, आणि नियमानुसार तो साफ झाल्याशिवाय कोणी वर चढू नये. तो साफ करण्यासाठी मात्र पहाटेच्या अंधारात कोणीतरी खालच्या पायरीपासून हातोडी ठोकत चढतो. बहुतेक ठिकाणी तो त्या दिवसाचा चालक किंवा त्याचा मदतनीस असतो.